'बेंगाल'चे चाळीस गोळे

11 नोव्हेंबर 1942. हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल बंदर आणि दिएगो गार्सिया बेट यांच्या जवळजवळ निम्म्या वाटेवर दोन जहाजं पश्चिमेकडे चालली होती. एक रॉयल इंडियन नेव्हीचं छोटं माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग साफ करणारं जहाज, 'बेंगाल', दुसरं 'ओंडिना' नावाचं डच तेलवाहू जहाज. दुपार व्हायच्या थोडं आधी क्षितिजावर एक मोठं जहाज दिसलं आणि मग दुसरं. ती दोन्ही जपानी होती.

या लढाईबद्दल आपल्याकडे जे काही ऐकायला मिळतं ते एका ओळीत संपतं: चिमुकल्या 'बेंगाल'ने आपल्या कित्येक पट मोठं जपानी जहाज बुडवलं. ओळ अभिमानाची आहे, पण मला ती अपुरी वाटते. ते जहाज नक्की कोणाच्या गोळ्याने बुडालं यावर मतभेद आहेत, आणि हा वाद हरला तर 'बेंगाल'कडे काहीच उरत नाही असा समज या ओळीमुळे होतो. माझ्या मते त्या दिवशी 'बेंगाल'चं खरं काम पहिला गोळा सुटण्याआधीच झालं होतं. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून, हातात काय होतं आणि काय दिसत होतं याच्या हिशेबाने मांडतो.

गोदीतून नुकतंच निघालेलं जहाज

'बेंगाल' जन्माने ऑस्ट्रेलियन. सिडनी बंदरातल्या कोकाटू बेटावरच्या गोदीत 3 डिसेंबर 1941 ला त्याचा कणा मांडला गेला. चारच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. 28 मे 1942 ला जहाज पाण्यात उतरलं आणि 8 ऑगस्टला नौदलात दाखल झालं. जहाज पाण्यात उतरून तीन दिवस होतात न होतात तोच, 31 मेच्या रात्री, जपानच्या बुटक्या पाणबुड्या याच सिडनी बंदरात घुसल्या. त्या रात्री बंदरात 'बेंगाल'चं भावंड 'बॉम्बे' नांगरलेलं होतं, तेही रॉयल इंडियन नेव्हीचंच. मुंबईचं नाव लावलेलं जहाज सिडनीच्या बंदरात जपानी पाणबुड्यांच्या हल्ल्यात सापडलेलं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.

'बॅथर्स्ट' वर्गाची अशी 60 जहाजं ऑस्ट्रेलियाने युद्धकाळात बांधली. त्यांतली चार हिंदी नौदलासाठी होती: 'बेंगाल', 'बॉम्बे', 'मद्रास' आणि 'पंजाब'. लांबी 186 फूट, म्हणजे 57 मीटरच्या आत. रुंदी 31 फूट. वजन साधारण 650 टन, पूर्ण भरल्यावर हजाराच्या आसपास. वाफेचं इंजिन, वेग फार तर 15 नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), माणसं 85 च्या आसपास. पाण्याखालचा भाग अवघा साडेआठ फूट, आणि हा उथळपणा मुद्दाम ठेवलेला होता. तळाशी दोरखंडाने बांधलेला सुरुंग पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही फुटांवर तरंगत असतो. तो साफ करायला जाणाऱ्या जहाजाने आधी स्वतः त्याच्यावरून सुखरूप जायला हवं.

सुरुंग साफ करायचं तंत्र कोकणातल्या ट्रॉलरवर काम केलेल्या माणसाला लगेच कळेल, कारण ते मासेमारीतूनच आलं आहे. जहाजाच्या मागून एक लांब तार पाण्यात सोडायची. तारेच्या टोकाला फ्लोट, आणि तार बाजूला फाकलेली राहावी म्हणून ट्रॉलच्या जाळ्याला असतात तशा फळ्या. तारेवर ठिकठिकाणी कातऱ्या. जहाज पुढे जाताना तार सुरुंगाच्या दोरखंडाला घासते, कातरी तो तोडते, सुरुंग उसळून वर येतो आणि मग डेकवरून बंदुकीने त्याला फोडतात किंवा बुडवतात. या पद्धतीला 'ओरोपेसा' म्हणतात. पहिल्या महायुद्धात ज्या ब्रिटिश ट्रॉलरवर ही पद्धत घडवली गेली त्याचंच ते नाव.

'बेंगाल' हे असल्या कामासाठी घडवलेलं जहाज. पण 1942 साली हिंदी महासागरात संरक्षणाला द्यायला मोठी जहाजं नव्हती. सिंगापूर पडलं होतं, जावा गेलं होतं, एप्रिलमध्ये जपानी विमानवाहू जहाजांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर बॉम्ब टाकले होते. त्यामुळे नव्याने बांधलेलं माइनस्वीपर घरी निघालंच आहे, तर वाटेत एका टँकरला सोबत द्यावी, असा साधा विचार झाला. 5 नोव्हेंबरला दोन्ही जहाजांनी फ्रीमँटल सोडलं.

'बेंगाल'चे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन, रॉयल इंडियन नेव्हल रिझर्व्हचे अधिकारी. खलाशी हिंदी. युद्धाआधीच्या या नौदलात, आणि त्याच्याही आधीच्या रॉयल इंडियन मरीनमध्ये, खलाशांची भरती मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यातून होत असे, विशेषतः तिथल्या कोकणी मुसलमान घरांतून. समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध असलेली ही माणसं. युद्ध सुरू झाल्यावर भरती देशभर पसरली, पण या नौदलाचा पाया कोकणच्या किनाऱ्यावर घातला गेला होता हे विसरू नये.

आता तोफखाना. या वर्गाच्या जहाजांवर सहसा चार इंची तोफ असायची. 'बेंगाल'च्या वाट्याला आली तीन इंची, 'बारा पौंडी' म्हणतात ती. तिच्यासाठी गोळे होते 40. शिवाय विमानविरोधी हलक्या तोफा आणि पाणबुडीवर टाकायचे स्फोटक डबे होते, पण तोफेच्या लढाईत त्यांचा उपयोग जवळ गेल्याशिवाय नाही. 'ओंडिना'वर मागच्या बाजूला एकच चार इंची तोफ आणि 32 गोळे. 'ओंडिना'चे अधिकारी डच, खलाशी चिनी, आणि तोफेवर वेगवेगळ्या देशांचे गोलंदाज. त्यांचा म्होरक्या ऑस्ट्रेलियन नौदलाचा खलाशी बर्ट हॅमंड.

दोन्ही जहाजांचे मिळून 72 गोळे, एवढाच दारूगोळा होता.

समोर कोण होतं

'होकोकु मारू' आणि 'आइकोकु मारू' ही ओसाका शोसेन काइशा या कंपनीसाठी बांधलेली, साधारण 10,400 टनांची प्रवासी जहाजं. जपानी नौदलाने ती ताब्यात घेतली, त्यांच्यावर प्रत्येकी आठ 14 सेंटिमीटरच्या तोफा चढवल्या, टॉर्पेडोच्या नळ्या बसवल्या, टेहळणीसाठी समुद्रावर उतरणारी विमानं दिली. वेग 21 नॉट. एकट्यादुकट्या व्यापारी जहाजाला समुद्रात गाठायचं, बुडवायचं किंवा पकडून न्यायचं, हे त्यांचं काम. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी 'गेनोटा' हे डच टँकर पकडलं होतं, जूनमध्ये ब्रिटिश 'एलिसिया' बुडवलं होतं, जुलैमध्ये 'हाउराकी' पकडलं होतं. म्हणजे 'ओंडिना'सारखा टँकर त्यांना बुडवण्यापेक्षा पकडण्यात जास्त रस असणार होता. तेल भरायचं जहाज फुकटात मिळणं ही युद्धात फार मोठी कमाई असते.

आकड्यांचा फरक डोळ्यांपुढे यावा म्हणून एक हिशेब करून पाहिला. जपानी 14 सेंटिमीटर तोफेचा एक गोळा 38 किलोचा. 'बेंगाल'च्या बारा पौंडी तोफेचा गोळा 5.7 किलोच्या आसपास. 'बेंगाल'वरचे सगळे चाळीसच्या चाळीस गोळे एकत्र तोलले तर ते सहा जपानी गोळ्यांइतके भरतात. आणि समोर अशा सोळा तोफा होत्या.

वळण

शत्रू ओळखू आला तेव्हा विल्सन यांच्यासमोर तीन रस्ते होते.

पहिला, दोघांनी मिळून पळायचं. यात अर्थ नव्हता. 'ओंडिना'चा वेग बारा नॉटच्या आसपास, जपान्यांचा एकवीस. दर तासाला नऊ मैलांनी अंतर कमी होणार. वेळ भर दुपारची, अंधाराला सहा-सात तास. अंधार पडेपर्यंत तग धरणं शक्यच नव्हतं.

दुसरा, 'ओंडिना'ला तिच्या नशिबावर सोडून 'बेंगाल'ने एकट्याने निसटायचं. सोबत द्यायला दिलेल्या जहाजाने असं करायचं नसतं. शिवाय पंधरा नॉटला तेही कितपत जमलं असतं?

तिसरा, 'ओंडिना'ला पळायला सांगायचं आणि आपण शत्रूवर चालून जायचं. विल्सन यांनी हा रस्ता घेतला. त्यांनी 'ओंडिना'ला निघून जायचा इशारा दिला आणि 'बेंगाल'ची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पुढे असलेल्या 'होकोकु मारू'च्या दिशेने वळवली.

इथे थांबायला हवं, कारण या निर्णयाला नुसतं धाडस म्हणून सोडून दिलं जातं. त्यात हिशेबही होता. लहान तोफेला अंतर जास्त असून चालत नाही. दुरून बारा पौंडी गोळा मारून दहा हजार टनांच्या जहाजाला काहीच होणार नव्हतं, तर जपानी गोळे मात्र त्याच अंतरावरून 'बेंगाल'चे तुकडे करू शकत होते. जवळ जाणं हाच त्या तोफेचा काही उपयोग करून घेण्याचा मार्ग होता. दुसरं म्हणजे समोरासमोर येणाऱ्या अरुंद जहाजावर नेम धरणं अवघड जातं. 31 फूट रुंदीचं जहाज तोंड करून येत असेल, तर गोलंदाजाला लक्ष्य म्हणून तेवढे 31 फूटच मिळतात. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जे जहाज आपल्यावर चालून येतंय त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. जपानी कप्तानाला 'ओंडिना' हवं होतं, पण त्याला आधी 'बेंगाल'कडे पाहावं लागलं. तिथे गेलेली प्रत्येक मिनिट 'ओंडिना'च्या खात्यात जमा होत होती.

डेकवरच्या माणसांचं काय झालं असेल याचा विचार मनातून जात नाही. जहाज नौदलात येऊन तीन महिने झालेले. तोफेवरची पोरं नव्याने शिकलेली. समोरचं जहाज मिनिटागणिक मोठं होत चाललेलं, आणि आपण त्याच्यापासून दूर नाही तर त्याच्याकडे चाललोय. अशा वेळी तोफेत गोळा भरणारा हात थरथरला नाही, तर त्याचं श्रेय कप्तानाच्या हुकुमाला देऊन भागत नाही.

'ओंडिना'चे कप्तान विलेम होर्समन यांनीही एक निर्णय घेतला, आणि तो हुकुमाप्रमाणे नव्हता. आपल्या वेगात आपण निसटू शकत नाही हे त्यांना दिसत होतं. 'बेंगाल'ला एकट्याने मार खाऊ देण्यापेक्षा आपलीही तोफ कामाला लावावी असं त्यांनी ठरवलं. त्यामुळे 'होकोकु मारू'ला एकाच वेळी दोन बाजूंकडे बघणं भाग पडलं. विल्सन आणि होर्समन यांनी आपसात काही ठरवलं नव्हतं, पण दोघांचे निर्णय एकमेकांना असे पूरक पडले.

बाराच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. थोड्याच वेळात 'होकोकु मारू'ला गोळे लागू लागले. त्यांतला एक मागच्या बाजूला, उजवीकडच्या टॉर्पेडोच्या नळ्यांजवळ लागला. तिथे स्फोट झाला, आग भडकली आणि विझेना. ज्या टॉर्पेडोंनी दुसऱ्यांची जहाजं बुडवायची तेच घरात फुटले. साधारण तासाभरात 'होकोकु मारू' समुद्रात गेलं. त्यावरच्या 354 माणसांपैकी 76 मेली, जहाजाचा कप्तान त्यांतच होता.

'बेंगाल'वरचे गोळे तोवर संपत आले होते. जहाजालाही मार बसला होता, मागच्या भागात लागलेली आग खलाशांनी विझवली. 'आइकोकु मारू' अजून धडधाकट होतं. विल्सन यांनी धुराचा पडदा सोडला आणि 'बेंगाल' लढाईतून बाहेर काढलं.

बुडालं म्हणून कळवलेलं जहाज

यापुढचा भाग 'बेंगाल'च्या कौतुकात सहसा येत नाही. पण प्रकरण नीट समजून घ्यायचं तर तो सांगायलाच हवा.

'आइकोकु मारू' मग 'ओंडिना'कडे वळलं. 'ओंडिना'चे 32 गोळे संपले. होर्समन यांनी इंजिन थांबवायला सांगितलं आणि माणसांना बोटींत उतरायचा हुकूम दिला. त्याच सुमाराला जहाजावर येऊन पडलेल्या गोळ्याने ते स्वतः गेले. जपानी जहाजाने टॉर्पेडो मारले, 'ओंडिना' एका बाजूला कलंडलं. मग बोटींतल्या माणसांवर मशीनगन चालवली गेली आणि त्यात आणखी काही जण मेले. निःशस्त्र, जहाज सोडून आलेल्या माणसांवर गोळ्या झाडणं, याला युद्धातही क्षमा नाही.

'ओंडिना' आता बुडणारच असं समजून 'आइकोकु मारू' आपल्या भावंडाची वाचलेली माणसं पाण्यातून उचलायला गेलं, आणि तिथून निघून गेलं. पण टँकर बुडलं नाही. आत तेलाऐवजी रिकाम्या टाक्या असल्या की टँकर पोकळ पिंपांच्या रांगेसारखं होतं, एकदोन फुटले तरी बाकीचे धरून ठेवतात. वाचलेले लोक बोटी वल्हवत परत जहाजावर आले. आगी विझवल्या, पाणी इकडून तिकडे घेऊन जहाज सरळ केलं, इंजिन सुरू केलं आणि फ्रीमँटलची वाट धरली. सुमारे 1,400 सागरी मैल, कप्तानाशिवाय, जखमी माणसं आणि फुटलेलं जहाज घेऊन.

जखमींना डॉक्टर हवा होता. जहाज सोडताना गुप्त संकेतांची पुस्तकं समुद्रात टाकून दिलेली, म्हणून त्यांनी उघड्या भाषेत बिनतारी संदेश पाठवला. उत्तर आलं नाही. कारण 'बेंगाल'कडून 'ओंडिना' बुडाल्याची खबर आधीच पोचली होती. बुडालेलं जहाज उघड्या भाषेत मदत मागतंय म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना तो जपानी सापळा वाटला.

यात 'बेंगाल'चा दोष किती? मी यावर बराच विचार केला आहे. धुरापलीकडे, वाढत्या अंतरावरून, जळणारं आणि कलंडलेलं टँकर दिसत असेल, माणसं बोटींत उतरताना दिसली असतील, तर ते जहाज गेलं असं समजणं स्वाभाविक होतं. जपान्यांनाही, अगदी जवळ असून, तसंच वाटलं. परत जाऊन खात्री करायची तर 'आइकोकु मारू'च्या तोंडी जावं लागलं असतं, आणि तेही गोळे संपत आलेले असताना. तरी खबर देताना 'बुडालं' आणि 'बुडताना शेवटचं दिसलं' या दोन्हींत जे अंतर आहे, ते किती मोलाचं असतं हे 'ओंडिना'वरच्या जखमींना विचारायला हवं होतं. ही चूक समजून घेता येते. पण तिची किंमत दुसऱ्याच जहाजावरच्या माणसांनी मोजली, हे त्यामुळे बदलत नाही.

'बेंगाल' 17 नोव्हेंबरला दिएगो गार्सियाला पोचलं. त्यावरचं एकही माणूस गेलं नव्हतं. 'ओंडिना' 18 नोव्हेंबरला फ्रीमँटलला आलं. लढाईच्या जागेपासून दोन्ही बंदरं जवळजवळ सारख्याच अंतरावर. आठवडाभर दोन जहाजं एकाच जागेकडे पाठ करून विरुद्ध दिशांना चालत होती, आणि ज्याच्यासाठी आपण तोफेच्या तोंडी गेलो ते जहाज वाचलंय हे 'बेंगाल'वर कोणालाच माहीत नव्हतं.

गोळा कोणाचा?

विल्सन यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. युद्धाच्या काळात हिंदुस्थानात या लढाईचा गाजावाजा झाला, आणि त्यात 'होकोकु मारू' 'बेंगाल'च्या गोळ्याने बुडालं असं सांगितलं गेलं. ब्रिटिश सरकारलाही हिंदी नौदलाच्या पराक्रमाची बातमी त्या वेळी हवीच होती. 1942 चा नोव्हेंबर, 'छोडो भारत'ला तीनच महिने झालेले. डच आणि ऑस्ट्रेलियन बाजूचे लोक मात्र तो निर्णायक गोळा 'ओंडिना'च्या तोफेचा होता असं ठामपणे सांगत आले.

मला विचाराल तर 'ओंडिना'चं पारडं जड वाटतं. तिची तोफ मोठी होती, चार इंची गोळा चौदा-पंधरा किलोचा, म्हणजे 'बेंगाल'च्या गोळ्याच्या अडीच पट वजनाचा. टॉर्पेडोच्या नळीजवळ पुरेसा घाव घालायला तो जास्त लायक. तरीही दोन जहाजं एकाच लक्ष्यावर मारा करत असताना कोणता गोळा कोणाचा हे शपथेवर सांगणं कठीण, आणि 'बेंगाल'चे गोळेही लागले होते.

पण हा वाद जिंकून काय मिळणार? 'बेंगाल' वळलं नसतं तर 'होकोकु मारू'ने सगळ्या तोफा एकट्या टँकरवर रोखल्या असत्या, आणि हॅमंड आणि त्याच्या सोबत्यांना तो गोळा मारायला निवांत वेळ मिळाला नसता. आणि 'ओंडिना' थांबलं नसतं तर 'बेंगाल' त्या तोफांपुढे फार काळ टिकलं नसतं. चाळीस आणि बत्तीस गोळे वेगळे मोजले की दोन्ही ठिकाणी हार दिसते.

दुसऱ्या जपानी जहाजाचा शेवटही सांगून ठेवतो. या लढाईनंतर जपानी नौदलाने अशी हल्लेखोर व्यापारी जहाजं हिंदी महासागरात पाठवणं जवळजवळ बंदच केलं. 'आइकोकु मारू'चा उपयोग मग सैन्य आणि सामान वाहून नेण्यासाठी होऊ लागला. फेब्रुवारी 1944 मध्ये अमेरिकन विमानांनी पॅसिफिकमधल्या ट्रुक बेटांवर मोठा हल्ला केला तेव्हा ते तिथे होतं. टॉर्पेडोच्या माऱ्यात त्यातला दारूगोळा एकदम उडाला आणि जहाज पाहता पाहता गेलं.

शांततेतली वर्षं

माइनस्वीपरचं युद्ध इतरांबरोबर संपत नाही. तह झाला, तोफा थंडावल्या, तरी सुरुंगाला त्याची खबर नसते. स्वतःच्या बंदराच्या रक्षणासाठी आपणच पेरलेले सुरुंगही आपल्याच माणसाला ओळखत नाहीत. 'बेंगाल'चं एक ऑस्ट्रेलियन भावंड, 'वॉर्नम्बूल', युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर, 13 सप्टेंबर 1947 ला, ग्रेट बॅरियर रीफजवळ सुरुंग काढता काढताच एका सुरुंगावर आदळून बुडालं. चार खलाशी गेले. ते सुरुंग युद्धात दोस्तांनीच संरक्षणासाठी लावलेले होते.

हिंदी नौदलात त्याआधीच दुसरं वादळ येऊन गेलं होतं. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईच्या 'तलवार' या तळावरून सुरू झालेला खलाशांचा उठाव जहाजांवर आणि इतर बंदरांत पसरला. निकृष्ट जेवण, अपमानाची वागणूक, गोऱ्या आणि हिंदी खलाशांच्या पगारातली तफावत, आणि वर आझाद हिंद सेनेच्या सैनिकांवरचे खटले. ज्या नौदलाच्या खलाशांनी 'बेंगाल'वर राहून तो दिवस काढला, त्याच नौदलाची ही पोरं. सव्वातीन वर्षांपूर्वी त्यांच्या शौर्याची बातमी छापायला सरकार उत्सुक होतं. त्यांच्या ताटात काय वाढलं जातं याची विचारपूस करायला मात्र ते तितकं उत्सुक नव्हतं, याचा राग मला आजही येतो.

1947 ला फाळणी झाली आणि जहाजंही वाटली गेली. भारताच्या वाट्याला बारा माइनस्वीपर आली, पाकिस्तानच्या वाट्याला चार. ही यादी पाहिली की मन चमकतं. 'काठियावाड', 'औध' आणि 'माळवा' ही नावं असलेली जहाजं पाकिस्तानात गेली, सोबत 'बलुचिस्तान'. आणि 'खैबर' भारतात राहिलं. 'दख्खन', 'कोकण', 'ओरिसा', 'बिहार', 'कुमाऊं', 'रोहिलखंड', 'राजपुताना', 'कर्नाटिक', 'बॉम्बे', 'मद्रास' ही इथेच राहिली. 'बेंगाल'ही भारतात राहिलं. ज्या प्रांताचं नाव ते वागवत होतं त्याचे दोन तुकडे झाले होते.

26 जानेवारी 1950 नंतर जहाजाच्या नावापुढचं 'एच. एम. आय. एस.' जाऊन 'आय. एन. एस.' आलं. पण त्या काळात माइनस्वीपिंगच बदलत होतं. चुंबकीय सुरुंग पोलादी जहाजाच्या नुसत्या जवळ येण्याने फुटतो. दोरखंड तोडायचं जुनं तंत्र त्याला पुरत नाही, आणि पोलादी जहाजाने त्याच्यावरून जाणं हेच संकट. म्हणून पन्नासच्या दशकात ब्रिटनने 'टन' वर्गाची जहाजं काढली, ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि त्यावर लाकडी फळ्यांचा सांधा. भारताने अशी चार घेतली: 'कारवार', 'काकिनाडा', 'कण्णूर' आणि 'कडलूर'. लाकडाच्या जहाजाला उतरती कळा लागली असं म्हणता म्हणता, सुरुंगासमोर मात्र लाकडाचंच जहाज टिकतं असं नौदलांच्या लक्षात आलं. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या मोहिमेत नौदलाच्या ताफ्यात जी सुरुंग साफ करणारी जहाजं होती, त्यांत यांतली तीन होती. तोवर 'बेंगाल' राहिलं नव्हतं.

'ओंडिना' युद्धात बरेच दिवस ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक्स्माउथच्या आखातात तेलाचं कोठार म्हणून उभं होतं. मग अमेरिकेत त्याची दुरुस्ती झाली आणि पुन्हा ते तेल वाहू लागलं. 1959 साली ते मोडीत निघालं. 'बेंगाल' त्याच्या पुढच्या वर्षी, 1960 मध्ये, मोडलं गेलं.